अर्धवट शिवणाचं गाठोडं: एकेक काम हातावेगळं कसं करायचं

कपाटाचा वरचा कप्पा, मशीनचा खण, दिवाणाचं पोट, एखादी जुनी सुटकेस. अर्धवट राहिलेलं शिवणकाम आणि कलाकुसर बहुतेक घरांत अशी विखुरलेली असते. कापून ठेवलेला ब्लाउज, फॉल न लावलेल्या साड्या, निम्मा झालेला क्रोशाचा रुमाल, बाळंतविड्यातली राहून गेलेली कुंची, थर लावून ठेवलेली गोधडी. विचारलं तर उत्तर येतं, "वेळच मिळत नाही." पण कुठलंही गाठोडं सोडून नीट पाहिलं तर काम एका नेमक्या जागी थांबलेलं दिसतं. बाही मुंढ्यात, म्हणजे ती जिथे जोडायची त्या काखेभोवतीच्या गोलाईत, बसेना. मॅचिंग दोरा संपला. गळपट्टी उलटी लागली. हुकं लावायचा कंटाळा आला. ही अडलेली जागा सापडली की उरलेलं काम वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लहान निघतं. म्हणून आधी प्रत्येक कामाची अडलेली पायरी शोधायची आणि मग सारख्या पायऱ्या एकत्र करून उरकायच्या, अशी ही रीत आहे.

सगळं एका जागी आणा

एक मोकळी दुपार काढा. पलंगावर किंवा सतरंजीवर जुनी चादर अंथरा आणि घरातली सगळी अर्धवट कामं त्यावर आणून ठेवा. दुरुस्तीचे कपडेही त्यातच घ्या: बटण तुटलेला शर्ट, उसवलेली पँट, चेन बिघडलेली पर्स. त्या दिवशी शिवायला बसू नका. एखादं काम हाताशी आलं की "हे पाच मिनिटांत होईल" असं वाटतं, आणि संध्याकाळी तेच एक काम झालेलं असतं, बाकी पसारा परत कपाटात जातो.

कापडात टोचून ठेवलेल्या टाचण्या आणि सुया सगळ्यात आधी काढा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्या गंजतात आणि कापडावर तांबूस डाग पडतो. पांढऱ्या सुती कापडावरच्या गंजाच्या डागाला लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवलं तर तो बराच फिका होतो. रेशमावर आणि रंगीत कापडावर हा उपाय करू नका, मूळ रंगच उडण्याची भीती असते. भरतकामाच्या रिंगमध्ये अडकवून ठेवलेलं कापडही मोकळं करा. रिंगचा वळ जितका जुना तितका तो धुऊनही जात नाही.

कापड, दोरा, इलॅस्टिक यांची परीक्षा

जुन्या कामावर नवे तास घालण्याआधी माल टिकाऊ आहे का हे पाहायलाच हवं. ही तपासणी बहुतेक जण टाळतात, आणि शिवून झालेला ब्लाउज पहिल्याच वापरात घडीवर फाटतो.

कापड घडीच्या रेषेवर दोन्ही हातांत धरून हलका ताण द्या. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम आणि जरीचं कापड नेमकं तिथेच विरतं. बारीक चर्रकन आवाज आला किंवा धागे सरकून फट दिसली तर त्या कापडाचा ब्लाउज करू नका. काठ चांगले असतील तर तेवढे काढून दुसऱ्या कामाला ठेवा. सुती कापडावर पांढरट-काळे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. घराबाहेर ब्रशने झटका, धुवा, कडक उन्हात वाळवा. रेशीम मात्र सावलीतच.

दोरा साधारण फूटभर घेऊन झटका द्या. सहज तुटला तर तो मशीनवर चढवू नका, दर दोन मिनिटांनी तुटून तो तुमचा धीर संपवेल. कच्च्या टाक्यांसाठी तो चालतो, त्यामुळे रीळ फेकायची गरज नाही. इलॅस्टिक दुप्पट ताणून सोडा. ते मूळ लांबीवर परत आलं नाही, किंवा ताणताना आतले रबराचे धागे तुटल्यासारखे कुरकुरले, तर ते बाद. लोकरीच्या गुंड्यावर कसर लागली आहे का ते पाहायला गुंडा थोडा उलगडा. वीतभर अंतराने तुटलेले तुकडे हातात आले तर समजून जा.

लाल, मरून, गडद निळा दोरा किंवा कापड असेल तर रंग सुटतो का तेही आत्ताच बघा. पांढरं फडकं ओलं करून त्यावर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर ते काम पांढऱ्या कापडाशी जोडण्याआधी पुन्हा विचार करा.

प्रत्येक कामाला चिठ्ठी

आता प्रत्येक कामाची वेगळी पिशवी करा. उशीचे जुने अभ्रे याला सगळ्यात चांगले. सुती असल्याने हवा खेळते आणि आत दमटपणा कोंडत नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत तो कोंडतो. कापडाचे सगळे तुकडे, अस्तर, दोरा, हुकं, मापाचा ब्लाउज, नमुन्याचा कागद, जे जे त्या कामाचं ते सगळं एकाच अभ्र्यात. आणि वर एक चिठ्ठी.

चिठ्ठीत चार गोष्टी लिहा: काय आहे, कुणासाठी आहे, पुढची पायरी कोणती, काय कमी आहे. उदाहरणार्थ, "निळा सुती ब्लाउज. स्वतःसाठी. डावी बाही चढवायची. निळा दोरा नाही." किंवा "पिवळं दुपटं. ताईच्या बाळासाठी. तीन बाजूंना गोट झाला, चौथी बाजू आणि कोपरे बाकी. काही कमी नाही."

पुढची पायरी लिहिताना नेमकं लिहा. "ब्लाउज पूर्ण करणे" असं लिहिलं तर पुढच्या वेळी पिशवी उघडून पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो. "पाठीचे टक्स (फिटिंगच्या चुण्या) घालणे" असं लिहिलं तर थेट मशीनवर बसता येतं. पुढची पायरी तुम्हाला स्वतःलाच ठरवता येत नसेल तर तेच अडण्याचं खरं कारण आहे. अशा चिठ्ठीवर "विचारायचं" असं लिहा. शिवणक्लासच्या बाईंना, शेजारच्या टेलरला किंवा घरातल्या जाणत्या माणसाला हे सगळे प्रश्न एका बैठकीत विचारून घ्या. कामाचा तुकडा सोबत न्या. तोंडी वर्णनातून शिवणाची चूक फारशी कळत नाही.

काय सोडून द्यायचं

चिठ्ठ्या लिहितानाच काही कामं हाताला जड वाटतील. त्यांच्याबद्दल एकच प्रश्न विचारा: हेच कापड, हाच नमुना आज दुकानात दिसला असता तर मी घेतला असता का? उत्तर नाही असेल तर ते काम मोडायला हरकत नाही. महाग कापड आहे म्हणून ते पुरं केलंच पाहिजे असं नाही. कापड चांगलं असेल तर त्याचं दुसरं काही होईल, आणि नमुना आवडेनासा झाला असेल तर पुरा करूनही तो कपाटातच राहील.

मापाबाहेर गेलेल्या लहान मुलांच्या वस्तूंबद्दल मात्र घाई करू नका. तान्ह्या बाळाची कुंची, टोपडं, झबलं दोन वर्षांच्या मुलासाठी मोठं करता येत नाही, तसा प्रयत्नही करू नये. पण नात्यात पुढचं बाळ येतंच. ते काम पुरं करून, धुऊन, बाळंतविड्यासाठी ठेवा. त्यात टोचणारी लेस किंवा सुटू शकणारी बटणं असतील तर काढून टाका आणि बंद आखूड ठेवा.

खरेदी एकाच फेरीत

"काय कमी आहे" या रकान्यातून एकच यादी करा. दोरे, फॉल, अस्तर, हुकं, चेन, कॅनव्हास. मग एकाच फेरीत सगळं आणा. मॅचिंग सेंटर जवळपास सगळीकडे असतं. पुण्यात तुळशीबाग, मुंबईत दादर किंवा लेस-बटणांसाठी भुलेश्वर, असं एकाच परिसरात सगळं मिळतं. दिवसाउजेडी जा आणि प्रत्येक कापडाचा तुकडा टाचणीने कागदावर लावून न्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर उन्हात वेगळा दिसतो, म्हणून रीळ आणि कापड दाराशी नेऊन पाहा. दोन छटांमध्ये अडखळलात तर थोडी गडद घ्या. रिळावर दिसतो त्यापेक्षा शिवलेला एकेरी दोरा फिका दिसतो.

या फेरीत यादीबाहेरचं कापड घेऊ नका, स्वस्त असलं तरी.

सुती अस्तर आणि सुती फॉल आणल्या दिवशीच पाण्यात भिजत घाला. रंग सुटत असेल तर प्रत्येक रंग वेगळ्या भांड्यात. सावलीत वाळवून इस्त्री करून मगच पिशवीत ठेवा. न भिजवता लावलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड फुगून सुरकुततं. मग सगळा ब्लाउज उसवण्यावाचून उपाय उरत नाही.

मशीन कामाला लावा

महिनोन्महिने बंद राहिलेल्या मशीनवर थेट चांगलं कापड घेऊ नका. सुईपट्टी उघडून खालच्या दात्यांमधला आणि बॉबिनच्या डबीतला कापूस ब्रशने काढा. तेलाच्या प्रत्येक भोकात मशीनच्याच तेलाचा एकेक थेंब टाका. खोबरेल किंवा खाण्याचं तेल घट्ट होऊन मशीन जड करतं. मग रद्दी कापडावर पाच मिनिटं चालवा, म्हणजे जादा तेल निघून जाईल. पायाच्या मशीनचा चामडी पट्टा सैल होऊन घसरत असेल तर नवा आणण्याआधी पाव इंच कापून पिन पुन्हा लावून पाहा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

सुई नवीनच घ्या. बारीक रेशीम, जॉर्जेट यांना 11 नंबर, साध्या सुती कापडाला 14, जाड कापड आणि जीन्सला 16. ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टच्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, साध्या सुईने त्यात टाके सुटतात. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते. दोरा त्या बाजूने ओवायचा. सुई उलटी बसली की टाका पडतच नाही, आणि नवशिके मग उगाच टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू फिरवत बसतात.

दोरा ओवताना दाबपाय वर उचललेला ठेवा. पाय खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. खालून जाळं झालं तर दोष वरच्या दोऱ्यात असतो. उलट बॉबिनचा दोरा वर ओढलेला दिसला तर वरचा ताण जास्त आहे. रद्दी कापडावर दहा इंच शिवून दोन्ही बाजूंनी टाका सारखा दिसला की मशीन तयार.

सारखी कामं एकत्र

बहुतेक मार्गदर्शन एक वस्तू पुरी करून दुसरीकडे वळा असं सांगतं. साठलेल्या कामांना ही पद्धत मानवत नाही. प्रत्येक वस्तूसाठी दोरा बदलायचा, इस्त्री तापवायची, कात्री-खडू काढायचे, यातच निम्मा वेळ जातो. त्यापेक्षा पायरीप्रमाणे लावा.

एक दिवस फक्त इस्त्री आणि कापणं. पुढची बैठक फक्त पांढऱ्या दोऱ्याची: ज्या ज्या पिशवीत पांढऱ्या दोऱ्याचं मशीनकाम आहे ती सगळी काढा, दोनतीन बॉबिन आधीच भरून ठेवा आणि ओळीने उरका. मग काळा, मग मरून-लाल, मग उरलेले. प्रत्येक पिशवीत चिठ्ठीवर लिहिलेली पायरी झाली की ती खोडा आणि पुढची लिहा.

हातशिलाईची कामं वेगळ्या टोपलीत ठेवा: हुकं, बटणं, हेम, फॉलची वरची कड, क्रोशाच्या दोऱ्यांची टोकं लपवणं. हे बाहेरच्या खोलीत, गप्पा मारताना किंवा गाडीच्या प्रवासात होतं. टोपलीत छोटी कात्री, दोन सुया आणि लागणारे दोरे कायम असू द्या. सुई शोधायला उठावं लागलं की हे काम हमखास मागे पडतं.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात लहान उरलेली कामं घ्या. ज्यांना अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ लागेल अशी. यामुळे पिशव्या भराभर कमी होतात आणि जागा मोकळी होते. तारखेची कामं याला अपवाद. रुखवतातल्या वस्तू, संक्रांतीचे हलव्याचे दागिने, गणपतीच्या मखराची झालर, यांच्या चिठ्ठीवर तारीख लिहा आणि त्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची दुसरी तारीख ठरवा. दिवाळी आणि लग्नसराईत टेलर आणि पिकोवाले (साडीच्या टोकांना मशीनने बारीक कड घालणारे) नवं काम घेत नाहीत, हे धरूनच चला.

पिको, इंटरलॉक, काजं, कापडाने मढवलेली बटणं ही कामं बाहेर द्यायला संकोच करू नका. यांना खास मशीन लागतं. घरी हाताने काजं करायची म्हणून पाच शर्ट वर्षभर पडून राहण्यापेक्षा ती एका दिवसात करून आणणं केव्हाही बरं.

साडीचा फॉल

साठलेल्या कामांत सगळ्यात जास्त संख्या याची असते, म्हणून थोडं सविस्तर.

साडीला जोडून आलेला ब्लाउजपीस आधी कापून घ्या. तो बहुतेक साड्यांत आतल्या टोकाला असतो, आणि न कापता फॉल लावला तर फॉलचा बराच भाग ब्लाउजपीसवर जातो. दोन्ही टोकांना पिको करून घ्या. मग साडी एकदा नेसून पाहा आणि जमिनीला टेकणाऱ्या काठावर दोन टाचण्या लावा. दोन्ही काठ वेगळे असतील तर ही पायरी टाळू नका. चुकीच्या काठाला लागलेला फॉल उसवताना काठाला भोकं राहतात.

फॉल साधारण अडीच ते पावणेतीन मीटर असतो. तो पहिल्या वेढ्यापासून निऱ्यांपर्यंतचा भाग झाकायला हवा. म्हणून पदराच्या विरुद्ध टोकापासून सुमारे सहा इंच सोडून सुरुवात करा. फॉलची दोन्ही आखूड टोकं अर्धा इंच आत दुमडा. साडीच्या उलट बाजूला, फॉलची कड काठाच्या कडेला लावून, वीतवीतभर अंतरावर टाचण्या लावा. जमिनीवर किंवा टेबलावर सपाट पसरूनच हे करा, मांडीवर धरून लावलेला फॉल हमखास तिरका जातो.

खालची कड मशीनने, वरची कड हाताने हेम घालून. भारी रेशमी साडीला दोन्ही कडा हातानेच. हेम घालताना साडीचा एक किंवा दोनच धागे सुईत घ्या आणि अर्ध्या-पाऊण इंचावर टाका घाला. दोरा ओढून घट्ट करू नका. साडीच्या सुलट बाजूने खळगे दिसू लागले तर समजा दोरा ओढला जातोय. फॉलच्या भागात सुरकुत्या पडतात त्याची कारणं दोनच: फॉल न भिजवता लावला, किंवा मशीन चालवताना वरचं कापड ढकललं आणि खालचं ओढलं गेलं.

नऊवारीला सहसा फॉल लावत नाहीत, त्यामुळे ती या ढिगात आली असेल तर फक्त पिको करून मोकळी करा.

मुंढ्यात न बसणारी बाही

ब्लाउज आणि कुर्ता यांचं काम सर्वांत जास्त इथेच थांबतं. आधी मोजा. टेप आडवी न ठेवता तिच्या कडेवर उभी धरा आणि शिलाई जिथे येणार त्या रेषेवरून फिरवा. कापलेल्या कडेवरून मोजलं तर माप फसवतं: बाहीचा गोलवा बाहेर फुगलेला असल्याने त्याची कड शिलाईच्या रेषेपेक्षा लांब असते, आणि मुंढ्याची कड आखूड.

बाही मुंढ्यापेक्षा अर्धा ते एक इंच जास्त असेल तर ती बरोबरच आहे. गोलव्याच्या वरच्या भागात लांब टाक्याच्या दोन समांतर शिलाया घाला, दोरे हलके ओढून जादा कापड सारखं वाटून घ्या, चुण्या दिसणार नाहीत इतपत. आधी खांद्याची शिवण आणि बाहीचा मध्य जुळवा, मग काखेची शिवण, मग मधलं. बाही खालच्या बाजूला, दात्यांवर ठेवून शिवलं तर मशीन स्वतःच थोडी ओढ घेतं.

बाही लहान पडत असेल तर मुंढा ताणला गेला आहे का ते बघा. मुंढ्याची कड तिरक्या धाग्यावर असते आणि नुसती लोंबकळत राहिली तरी वाढते. मुंढ्याभोवती आखूड टाक्याची एक शिलाई घालून, कड थोडी आवळून पुन्हा मोजा. तरीही फरक उरला तर काखेची शिवण पाव इंच आत घ्या, म्हणजे मुंढ्याचा घेर कमी होईल. अर्थात छातीत तेवढी जागा असेल तरच.

माप जुळतं, पण घातल्यावर बाही मागे ओढते? पुढची आणि मागची बाजू उलटी लागली आहे. बाहीच्या पुढच्या बाजूचा खोलगट भाग जास्त असतो. काही वेळा दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या जातात, कापड एकेरी पसरून एकाच बाजूने दोनदा नमुना ठेवला की हे होतं. कापड दोन्ही बाजूंनी सारखं असेल तर एक बाही उलटवून लावा. छापील कापडात ही सोय नाही. तिथे नवी बाही कापावी लागेल, कापड नसेल तर विरोधी रंगाच्या दोन बाह्या लावणं सगळ्यात सुबक दिसतं.

उसवताना शिवण उसवायच्या कटरचं लांब टोक टाक्याखाली घाला आणि एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका कापत जा. मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढला की तो अखंड निघून येतो. शिवण दोन्ही हातांनी फाडून ओढली तर कापड फाटतं. रेशीम, सॅटिन आणि रेक्झीनवर सुईची भोकं कायम राहतात, तिथे शिवण बाहेर घेण्याचा विचार सोडा.

माप बदललं असेल तर

कापून वर्षं झालेल्या ब्लाउजला आजच्या मापाने ताडून पाहा, कापतानाच्या जुन्या मापाने नाही. नीट बसणारा एखादा ब्लाउज वर ठेवून तुलना करणं सगळ्यात सोपं. दोन बाजूंच्या शिवणींत मिळून कापडाच्या चार कडा असतात. प्रत्येकीला एक इंच माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) असेल आणि पाव इंच शिलाईला ठेवली, तर एकूण तीन इंच वाढवता येतात. त्याहून जास्त हवं असेल तर काखेखाली दोन्ही बाजूंना उभी पट्टी घाला. साडीखाली ती दिसत नाही.

विणकाम, क्रोशा, भरतकाम

सुयांवर तसंच सोडलेलं विणकाम आधी सुरक्षित करा: टाके जाड दोऱ्यावर उतरवून ठेवा. सुई ज्या ओळीत बराच काळ अडकून होती ती ओळ ताणलेली दिसते. ती आणि तिच्या खालची एक ओळ उसवून पुढे चालू करा. पुन्हा सुरू करताना हाताची ओढ बदललेली असते, त्यामुळे आधी चार इंचाचा नमुना विणून जुन्या भागाशी टाके मोजा. घट्ट येत असेल तर अर्ध्या नंबरने जाड सुई किंवा क्रोशाहूक घ्या. लोकर कमी पडली आणि नव्या गुंड्याची छटा किंचित वेगळी आली तर जोड अचानक देऊ नका. दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या अशा काही इंच विणा, किंवा नवी लोकर फक्त काठाला आणि बाह्यांच्या पट्ट्यांना वापरा. उसवलेली कुरळी लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून टांगून वाळवा. ती सरळ होते.

चौकटीच्या कापडावरचं मोठं चित्र अर्धवट असेल तर उरलेलं काम मोजून घ्या, अंदाज बहुतेकदा चुकतो. 14 काउंटच्या, म्हणजे इंचाला 14 चौकटी असलेल्या, कापडावर एका चौरस इंचात 196 टाके बसतात. अर्ध्या तासात तुमचे किती टाके होतात ते घड्याळ लावून पाहा, म्हणजे उरलेले तास कळतील. दोन पदरी भरायचं असेल तर आठ मीटरची सहा पदरी लडी 24 मीटर पुरते. मोजणीत एक चौकट चुकली असेल आणि ती मोकळ्या पार्श्वभूमीत असेल तर तशीच राहू द्या. चूक चौकोनी काठात किंवा दोन्ही बाजू जुळणाऱ्या नक्षीत असेल तर ती पुढे वाढतच जाते, तिथे मागे जाऊन उसवणंच योग्य. कापडावरच्या पाण्याने जाणाऱ्या पेनच्या खुणा इस्त्रीपूर्वी थंड पाण्यात धुवा, उष्णतेने त्या पक्क्या बसतात.

गोधडी

गोधडी काठाकडून आत शिवत न्यायची पद्धत आहे. थर आधी नीट टाचले नसतील तर प्रत्येक फेरीत थोडं थोडं कापड आत ढकललं जातं आणि मध्यभागी फुगा येतो. अर्धवट गोधड्या बहुतेक याच फुग्यापाशी सोडलेल्या असतात. फुगा न शिवलेल्या भागात असेल तर शेवटच्या दोनतीन फेऱ्या एका बाजूने उसवा, गोधडी फरशीवर पसरा, जादा कापड हाताने त्या उघड्या बाजूकडे सरकवा. मग मध्यापासून बाहेरच्या दिशेने, वीतभर अंतराने, लांब कच्चे टाके घाला आणि त्यानंतरच धावदोरा पुढे चालू करा. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, त्याला गाठी पडतात आणि ओढून ओढून तो विरतो. आतल्या थरांत सुती आणि सिंथेटिक साड्या मिसळल्या असतील तर सुती थर आधी धुतलेले हवेत. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतील आणि वरचं कापड गोळा होईल.

उरलेल्याचं काय

मोडायच्या कामांतून चेन, लेस, हुकं, बटणं, जरीचे काठ काढून घ्या आणि झाकणाच्या बरणीत ठेवा. मोठे सुती तुकडे अस्तराला, मध्यम तुकडे बटव्याला, तळहाताएवढे गोधडीच्या ठिगळांना. त्याहून लहान कात्रणं उशीत भरायला. सिंथेटिक कात्रणं उशीत घातली तर गरम होतं, ती वेगळी ठेवा.

दुसऱ्याला द्यायचं असेल तर सगळे तुकडे, नमुना आणि चिठ्ठी एकत्र बांधून द्या. शिवणक्लासात किंवा शिवणकाम करणाऱ्या बचत गटात असं काम सरावाला उपयोगी पडतं, पण एक बाही हरवलेला ब्लाउज कुणालाच नको असतो. न होणाऱ्या कामांचं रेशमी कापड ठेवणार असाल तर ते सुती फडक्यात गुंडाळा, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला आणि डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. पिशव्यांची संख्या दहाच्या आत आली की त्या एकाच कप्प्यात, चिठ्ठ्या बाहेर दिसतील अशा उभ्या लावा. नवं कापड कापायचं ते त्यातली एक पिशवी रिकामी झाल्यावरच.